बोलून पाठवायचा फोन

तेर,
२४ जानेवारी २०२५

प्रिय आईस,
वैशूचा नमस्कार.

हे पत्र घेऊन तुझे जावई आले आहेत. त्यांना काही विचारू नकोस, ते सांगायचेही नाहीत. आधी वाच. फोनवरची बारीक अक्षरं तुला दिसत नाहीत, म्हणून ठसठशीत लिहिते आहे.

इकडचं ठीक. हरभऱ्याला घाटे लागलेत. तुझी शेळी व्याली, दोन्ही पिल्लं धट्टीकट्टी आहेत. तुझ्या धाकट्या मल्हारला आता भाकरी थापता येते, पण तो ती कुणाला दाखवत नाही.

फोन नीट चालतोय ना? धाराशिवच्या दुकानात आपण किती घोळ घातला होता! मल्हार म्हणत होता, नर्मदेची परिक्रमा म्हणजे महिनोन्‌महिने पायी चालणं, बटणाचाच घ्या, पडला तरी फुटत नाही आणि चार्जिंग पुरतं. ह्यांना फोटो छान यायला हवे होते. आणि तू काचेवर बोट दाबत होतीस, तर काच दाद देईना. खुरपून खुरपून घट्टे पडलेलं बोट ते. शेवटी दुकानदार म्हणाला, "मावशी, करंगळी लावून बघा," आणि करंगळीनं जमलं. काय हसलीस तेव्हा! आवाज पाठवता येईल तोच फोन घ्यायचा, हा हट्ट माझा. दिवसभरात काय पाहिलं ते तू रोज बोलून पाठवायचं, मी जपून ठेवायचं, आणि बाळ मोठं झालं की त्याला ऐकवायचं. तुझा परिक्रमेचा नवसही त्याच्यासाठीच.

तू एक दिवस चुकवला नाहीस. "ऐक गं बाळा, आज लई ऊन व्हतं. तुझी आज्जी दोन डोंगर उतरून आली." मी फोन पोटावर ठेवून ऐकायची. येळवशीच्या अमावास्येला आम्ही शेतात आंबील प्यायलो, तेव्हाही तसाच ठेवला होता.

त्यानंतर तू दोनदा विचारलंस, "वैशे, नुसतं लिहितीस का गं? बोलत का न्हाईस?" मी कळवलं, घसा बसलाय. आई, घसा बसला नव्हता. माझा आवाज ऐकला असतास तर तुला लगेच कळलं असतं. आणि लिहिलेलं तुला मुरुमच्या इरम्मामावशी परिक्रमेतल्या सगळ्या मंडळींसमोर वाचून दाखवतात. तसं हे कसं लिहिणार होते? म्हणून रोज 'सगळं ठीक' एवढंच लिहीत राहिले.

तू परिक्रमा पूर्ण करावीस, मग घरी आल्यावर सांगावं, असं ठरवलं होतं. पण परवाचा तुझा निरोप आला. तू रडत होतीस. "म्या चुकले गं. वाळूतला ओघळ समजून पाय टाकला, अन् ती मैय्याचीच धार निघाली. मैय्या ओलांडली म्या, परिक्रमा मोडली. आता ओंकारेश्वरला जाऊन पैल्यापासून उचलते, अनवाणी. बाळाला कायबी व्हायला नको." तो निरोप ऐकून मला जेवण गेलं नाही. तुझे पाय सुजलेत हे मावशींनी मला कळवलंय, तू नाही.

अनवाणी चालू नकोस आई. बाळ नाही.

येळवशीनंतर तिसऱ्या दिवशी पोटातलं हलणं थांबलं. दवाखान्यात नेलं तोवर सगळं संपलं होतं. मुलगी होती. डॉक्टर म्हणाले, यात कुणाचीच चूक नाही. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, ते पुन्हा पुन्हा तेच म्हणाले. आता नीट वाच, दोनदा वाच. हे संक्रांतीच्या आधीचं आहे, आणि तू ती धार ओलांडलीस संक्रांतीनंतर. तुझ्या पावलानं काहीही झालेलं नाही. तू मनाला लावून घेशील, मला माहीत आहे. पण तसं केलंस तर मी तुझ्याशी आयुष्यभर भांडेन.

दूध आलं, आई. त्याबद्दल मला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी पट्टा बांधला, काढे दिले, एका शब्दानं दुखावलं नाही. ह्यांनी पाळण्याच्या दोऱ्या सोडून माळ्यावर टाकल्या आणि कितीतरी वेळ खालीच उतरले नाहीत. सगळे माझ्याशी फार जपून बोलतात. मला ते सोसवत नाही.

परिक्रमा पूर्ण करायची असेल तर कर, मैय्याचं आणि तुझं तुम्ही बघा, असं लिहिणार होते. दोन वेळा लिहिलं आणि खोडलं. ते खरं नाही. मला तू हवी आहेस. माझी बाळंतिणीची न्हाणी झालेली नाही. तेल लावायला, कढत पाणी घालायला, मी रडले तर रडू द्यायला तू हवीस. नवस आता कुणासाठी फेडायचा? माझ्यासाठी कधी काही नवस बोलली असशील, तर तेवढं मैय्याकडे मागून घे आणि ह्यांच्याबरोबर गाडीत बस.

तुझं लेकरू,
वैशू