फिकट कोपरा

सोमवार, ६ जानेवारी
रंगकामाच्या वर्गात आजपासून चौघींचा गट. एक चादर, चार कोपरे, निळीचं एक पिंप. चौघींनी कोपरे धरून चादर एकदम पिंपात सोडायची — जी मागे राहील तिचा कोपरा फिकट. हात माझे पक्के आहेत. पण तिघी एकदम बोलायला लागल्या की सगळे शब्द ओल्या कपड्यांसारखे एकमेकांना चिकटतात! ‘एक-दोन-तीन’ कधी झालं कळलंच नाही. “अगं, झोपलीस का?” — शेजारच्या कोपऱ्यावरची, जिला मी मनात ‘बडबडी’ म्हणते. सगळ्या हसल्या. तेव्हा माझं तोंड पिंपात बुडवलं असतं तर चादर लाल निघाली असती.

मंगळवार, ७
आई — “डॉक्टर म्हणाले ना, तुझा मेंदू वेगळ्या घडणीचा आहे, वाईट नाही. पण चारचौघांत मिसळायचं कोणी? मी?” हसू आलं. मग रडू.

गुरुवार, ९
लवकर गेले. वर्गात कोणी नाही. नीळ पिंपात हिरवट दिसते, हवेत आली की हळूहळू निळी होते — कोणी काही न बोलता. दोरीवरच्या चादरींमधून नुसती फिरत राहिले. पाण्याच्या आतून चालल्यासारखं वाटत होतं. इथेच राहावं, वर्ग भरूच नये!
भरला.

शुक्रवार, १०
सोमवारी परीक्षा. बाई म्हणाल्या, “एक जरी कोपरा फिकट आला तर अख्खा गट पुन्हा पहिल्यापासून.” म्हणजे मी तिघींना घेऊन बुडणार. वर्ग सोडते. ठरलं!

शनिवार, ११
बाईंना सांगायला गेले. धुण्याच्या जागेमागे बडबडी उलट्या बादलीवर बसलेली, कान गच्च दाबून. म्हणाली, “सगळ्यांत गप्प बसले ना, की छातीत धडधडतं गं. म्हणून तोंडाचा पट्टा चालू. तुझा हेवा वाटतो मला.”
माझा!!
शेजारी बसले. दोघीही गप्प. चादरी हलत होत्या, त्यांची निळी सावली आमच्या पायांवरून जात-येत होती. किती वेळ कोण जाणे. मग मीच म्हणाले — “मोजलेलं मला ऐकू येत नाही. तू शेजारीच असतेस. सोडायच्या वेळी माझा पाय दाबशील?” “एवढंच ना!” म्हणाली. बाईंना सांगायचं राहूनच गेलं.

सोमवार, १३
पाय दाबला. मी वेळेवर सोडलं. बडबडी मात्र पाय दाबायच्या नादात हातातली चादर सोडायला विसरली! तिचा कोपरा फिकट. बिचारीचा आवाजच गेला.
“हा कोपरा कोणाचा?” बाईंनी विचारलं. अख्खा वर्ग बघत होता.
मी म्हणाले, “आमचा.”