पाचवा विश्वस्त आणि माझा शांत स्वभाव

४ नोव्हेंबर, सकाळ

आधी तारीख घाला. काल तारीख विसरलात, परवा साल विसरलात, आणि त्याच्या आदल्या दिवशी ही वहीच फ्रीजमध्ये ठेवलीत. चष्मा कपाळावर आहे, शोधू नका.

रोजनिशी माझी आहे. अक्षर तेवढं तुमचं, कारण मी शाळेत गेले नाही आणि तुम्हाला रिटायर झाल्यापासून दुसरा उद्योग नाही. मी बोलेन ते लिहायचं. मध्ये स्वतःचं मत घालायचं नाही.

बातमी वाईट. प्रिन्सिपलसाहेबांचे दोन्ही पाय मोडले. संध्याकाळी फिरायला गेले होते. दगडाच्या ट्रकमधून चौघे उतरले, पहारीने हाणलं, परत ट्रकमध्ये बसून गेले. साहेबांनी दवाखान्यातूनच राजीनामा पाठवला. शुद्धलेखनाची एक चूक नाही म्हणे.

साहेब म्हणजे सुनेच्या संस्थेचे पाचवे विश्वस्त. संस्था आमच्याच खालच्या दोन खोल्यांत. काम एवढंच, की जमिनीतून कोण किती काढतो ते चारचौघांत मांडायचं. खाणवाल्या कंपनीला परवाना आहे एका टेकडीचा. गायब आहेत तीन. आता चौथी मागतात. चौथीच्या पायथ्याला तळं आहे आणि आपला नळ त्या तळ्याचा आहे. टेकडी गेली की तळं गेलं. ३० तारखेला सुनावणी. सुनेचा रिपोर्ट तयार आहे, पण संस्थेच्या नियमाने त्यावर पाच विश्वस्तांच्या सह्या लागतात. २९ पर्यंत. चारच उरले.

सून डोकं धरून बसली होती. मी म्हटलं, काळजी करू नकोस, माणूस मी शोधते. ती काही बोलली नाही. म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली.

संकल्प: या महिन्यात कुणावर हात उचलायचा नाही. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी सांगितलंय. तसा माझा स्वभाव मूळचाच शांत. गेल्या महिन्यात दूधवाल्याला तांब्या लागला तो हातातून निसटला होता. आठ फूट निसटला, हे तुमचं मत झालं. खोडा.

७ नोव्हेंबर, दुपार

दातांचे डॉक्टर तयार झाले! दाढ दाखवायला गेले आणि खुर्चीत पडल्यापडल्या विषय काढला. ते हातात चिमटा घेऊन ऐकत होते. मी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं, दाढेसाठी नव्हे, मुद्द्यासाठी. हो म्हणेपर्यंत सोडलं नाही. स्वभावाने गोड माणूस.

संस्थेची पद्धत अशी, की उमेदवाराचं नाव, धंदा, मालमत्ता आणि घरचा पत्ता तीन दिवस गेटवरच्या बोर्डावर लावायचा. कुणाची हरकत असेल तर कळावी. सून म्हणते, दुसऱ्याचं झाकलेलं उघडायचं तर आधी आपण उघडं पाहिजे. चांगलं आहे. संध्याकाळी कागद लावला.

समोरच्या पानपट्टीवर लाल शर्टवाला एक उभा असतो. त्याने येऊन सगळा कागद नीट वाचला, फोटोही काढला. मी वरून पाहत होते. म्हटलं, बघा, लोकांना किती रस आहे.

९ नोव्हेंबर

काल दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सहा जण शिरले. खुर्ची तोडली. दिवा फोडला. डॉक्टरांचे समोरचे दोन दात पाडले आणि त्यांच्याच ट्रेमध्ये ठेवून गेले.

मी भेटायला गेले. तोंडाला बर्फ लावून बसले होते. त्यांनी काहीतरी सांगितलं, पण दात नसल्यामुळे कळलं नाही. बायकोने कळवलं: चालत्या व्हा.

माणूस कच्चा निघाला. दोन दातांसाठी कुणी तळं सोडतं का? इतरांचे रोज दहा काढतो.

धडा: पुढचा माणूस दणकट हवा.

१२ नोव्हेंबर, सकाळी ७

व्यायामशाळेचा मालक. दंड माझ्या मांडीएवढे. त्याला म्हटलं, पैलवान, सही करशील का? म्हणाला, आजी, करतो, पण रिपोर्ट कोण वाचणार, दीडशे पानं आहेत. म्हटलं, मी तरी कुठे वाचलाय.

सुनेला आवडला नाही. त्याला कागदपत्रातलं काय कळतं म्हणाली. मी म्हटलं, दातवाल्याला कळत होतं, त्याचं काय झालं?

तुम्ही मात्र उगाच मध्ये बोललात की बोर्डावर पत्ता लावता म्हणून माणसं मार खातात. आयुष्यभर फायली लावल्या की माणूस असा संशयी होतो. सूनही तुमच्यावर चिडली. नियम म्हणजे नियम, म्हणाली, आपणच लपवायला लागलो तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय. मी पहिल्यांदा तिच्या बाजूने बोलले. दोघींना विचित्र वाटलं.

कागद लावला. लाल शर्टवाल्याने फोटो काढला. मी वरून त्याला हात केला. त्यानेही केला.

१४ नोव्हेंबर

आठ जण आले. लोखंडी गज घेऊन. पैलवानाने दोघांना उचलून आरशावर फेकलं, एकाची बरगडी मोडली, एकाचा कान अर्धा हातात राहिला म्हणतात. मग मागून गळ्याजवळ गज बसला. हाड तुटलं. जमिनीवर पडल्यावर लाथा. व्यायामशाळेतले बाकीचे सगळे पळाले. एवढी वजनं उचलून शेवटी पाय कामाला आले.

दुपारी पैलवानाची आई ऑफिसात आली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि तोंडाने दहा वर्षांनी मोठी. म्हणाली, थेरडे, तुझा मुलगा कुठंय? त्याचं नाव का नाही लावलंस बोर्डावर? मी शांतपणे सांगितलं की मुलगा बाहेरगावी नोकरीला आहे आणि आवाज खाली. तिने माझा अंबाडा धरला. मी तिचा धरला. टेबल पडलं, शाईचा डबा पडला, सुनेचा लॅपटॉप पडता पडता वाचला. तिने चप्पल काढली. माझ्या हातात काठी होती, ती आधीपासूनच असते.

चार बायकांनी सोडवलं. तिचं कपाळ फुटलं, माझी वरची कवळी. मग ती जमिनीवर बसली आणि रडायला लागली. लेकाला आंघोळ कोण घालणार म्हणाली. मी पाणी दिलं. ती प्यायली आणि उरलेलं माझ्या तोंडावर फेकलं.

याला हात उचलणं म्हणत नाहीत. याला चर्चा म्हणतात. संकल्प शाबूत.

१५ नोव्हेंबर

संकल्पात बारीक दुरुस्ती: डोक्यावर मारायचं नाही.

१७ नोव्हेंबर

माझ्या धाकट्या दिराचं नाव सुचवलं. घरातला माणूस, बँकेत मॅनेजर होता, सही सुंदर. त्याने आपल्या लग्नात माझ्या वडिलांना वाढप्या समजून ताट उचलायला सांगितलं होतं, त्याचा इथे काही संबंध नाही. त्रेपन्न वर्षं झाली. मी केव्हाच विसरले.

त्याला विचारायला वेळ नव्हता. सुनेला सांगितलं, हो म्हणालाय.

१८ नोव्हेंबर, रात्र

स्कूटर जाळली. दारावर कुऱ्हाडीचे सात घाव. दीर मागच्या खिडकीतून शेजारणीच्या गच्चीवर उतरला आणि पहाटेच्या गाडीने लेकीकडे गेला. तिथून फोन. वहिनी, तुम्ही मला मारायलाच निघाला होतात ना? मी म्हटलं, काहीतरीच काय. भावजी, अंगाला लागलं तर नाही? नाही म्हणाला.

नाही तर नाही.

१९ नोव्हेंबर

सून आज माझ्याशी पहिल्यांदा मोठ्याने बोलली. म्हणाली, आई, तीन माणसं. एकाचे दात, एकाचं हाड, एकाचं घर. तुम्हाला झोप कशी लागते? मी म्हटलं, उजव्या कुशीवर. तिने दार आपटलं. चौकटीवरचं प्लास्टर पडलं. आमच्या घरात राग फार आहे, मी सोडून.

दुपारी दार आतून लावून बसली होती. फटीतून पाहिलं. रिपोर्ट मांडीवर आणि रडत होती. तीन वर्षं टेकड्यांवर उन्हात हिंडून केलाय तिने तो. एकदा सुरुंगाचा दगड लागून पाठीला सोळा टाके. ते मीच धुवायचे. तेव्हा ती मला आई म्हणायला लागली. त्याआधी "अहो" म्हणायची, मी तुम्हाला म्हणते तसं.

माणूस मिळालाच पाहिजे.

२२ नोव्हेंबर

सुनेने काम वाटून दिलं. शोधाशोध ती करणार. मला म्हणाली, तुम्ही फक्त खाली दारात बसा, काही करू नका. म्हणजे संरक्षण खातं माझ्याकडे. सर्वांत महत्त्वाचं खातं शेवटी अनुभवी माणसाकडेच येतं.

खुर्ची, पाण्याची बाटली, काठी. काठीला खाली लोखंडी टोपण बसवून घेतलं. घसरू नये म्हणून.

२५ नोव्हेंबर

बोर्डावर नवा कागद दिसला. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, दोन दिवस पाणी येणार नाही त्याची नोटीस. बरं. दोन दिवस पुरतील एवढ्या बादल्या भरून ठेवल्या.

लाल शर्टवाल्याने त्याचाही फोटो काढला. पाण्याच्या नोटिसीचा! मूर्ख.

२७ नोव्हेंबर

पाणी दोन्ही दिवस आलं. या लोकांचा कशाचा भरवसा नाही.

भाजीवाली सांगत होती, पलीकडच्या पेठेत कुणा म्हाताऱ्याचं घर काल फोडलं. कपाटं, भांडी, खिडक्या, संडासाचं दारसुद्धा. घरात कुणीच नव्हतं म्हणून रागाने कुत्र्याला मारलं. त्या म्हाताऱ्याने काय केलं होतं देव जाणे.

अंगावर काटा आला. उद्या आपल्याकडे येतील. मी तयार आहे.

२८ नोव्हेंबर, दुपारी १२

आले! एकटाच आला. डोक्याला टोपी, तोंडाला मफलर, नुसते डोळे. भिंतीला धरून, इकडेतिकडे पाहत. खांद्याला पिशवी. पिशवीतून लोखंडी साखळीचं टोक लोंबत होतं, जाडजूड, कड्याकड्यांची. मला म्हणाला, आत जायचंय. मी म्हटलं, कुणाला मारायला? त्याने पिशवीत हात घातला.

पहिला घाव मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो. दुसरा गुडघ्यावर. खाली पडला तेव्हा तिसरा. दुरुस्ती आठवली म्हणून डोकं सोडून कानावर मारला. रक्त पायरीवरून बोर्डाखालपर्यंत गेलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! एक हात कमरेवर ठेवून!

सुनेला हाक मारली. म्हटलं, ये गं, धरला एक.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळ

तो पाचवा विश्वस्त होता.

सरकारी मोजणीदार, रिटायर. तीस वर्षांपूर्वी चारही टेकड्या त्यानेच मोजल्या होत्या. सुनेने त्याला गाठलं, कागद नियमाने बोर्डावर लावला, आणि त्याला तीन दिवस लॉजवर ठेवलं. पत्ता उघडा, माणूस दुसरीकडे. फोडलेलं घर त्याचं. मेलेलं कुत्रं त्याचं. तरी सही करायला आला. साखळी मोजणीची. सुनावणीत दाखवायला आणली होती. पिशवीतून काढत होता ते पेन.

आणि पाण्याची नोटीस! तुम्हाला माहीत होतं. सुनेने शपथ घातली म्हणे, आईंना कळू देऊ नका. त्रेपन्न वर्षांत एक गोष्ट लक्षात ठेवलीत, ती ही.

अँब्युलन्स गेल्यावर लाल शर्टवाला रस्ता ओलांडून आला. नमस्कार केला. म्हणाला, आजी, आमच्यात या, ट्रकमध्ये पुढची सीट देतो. मी काठी उचलली. मग खाली ठेवली. पहिल्यांदाच आपणहून ठेवली, ते लिहा.

सून पायरी धूत होती. मी बादली आणून दिली. घेतली, पण वर पाहिलं नाही.

२९ नोव्हेंबर

दवाखान्यात सही झाली. उजवा हात प्लास्टरात, म्हणून डाव्या हाताने केली, साक्षीला दोन डॉक्टर. एका सहीला वीस मिनिटं लागली म्हणे, मध्ये दोनदा घेरी आली. रिपोर्ट पाचच्या आत जमा.

मोजणीदाराने एकच अट घातली. लेखी. संचालकांच्या सासूबाईंनी संस्थेच्या आवारात पाऊल ठेवायचं नाही. चारही विश्वस्तांनी हात वर केले. सुनेनेही.

माझ्या सुरक्षिततेसाठी असणार.

३० नोव्हेंबर, दुपारी ४

सुनावणी झाली. चौथ्या टेकडीला परवाना नाही. मोजणीदाराला व्हीलचेअरवर नेलं होतं. डोक्याला बँडेज, हात गळ्यात, गुडघा सुजलेला. सुनावणी घेणाऱ्या साहेबाने विचारलं, हे कुणी केलं? कंपनीचा वकील पांढराफटक पडला. मोजणीदार म्हणाला, ते महत्त्वाचं नाही, टेकडीचं बोलू.

मी यातलं काही पाहिलं नाही. मला नेलं नाही. वर खिडकीत बसून होते. खाली लोक आले, टाळ्या वाजल्या, पैलवानाची आईसुद्धा आली होती. मला कुणी हाक मारली नाही. माझ्यामुळेच झालं असं मी म्हणणार होते. पण कुणाला म्हणू? तुम्ही तर नुसते लिहिता.

राहू दे. वही मिटा आणि उठा. दवाखान्यात डबा न्यायचाय. दोन अंडी, अर्धवट उकडलेली, सोलून. भात मऊ, कडा बोटाने दाबून बघा. बटाटा कुस्करून, मीठ कमी. केळं सोलून तुकडे करा, त्याला एकाच हाताने खायचंय. चमचा मोठा द्या, लहान निसटतो. कुणी पाठवलं विचारलं तर सुनेचं नाव सांगा. आणि दूध गाळून.