मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा

तीर्थरूप बाबांना,
शिलाई मशीनवरून उठून नमस्कार.

मी बरी आहे. खोलीत ऊन येतं, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

काल आमच्या कारखान्याच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. तुम्हीच शिकवलंत ना, की साहेबाने तोंड उघडायच्या आत आपली चूक कबूल करून टाकावी, म्हणजे ओरडा अर्धाच बसतो? म्हणून मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की गेल्या महिन्यात चार शर्टांना उजव्या बाह्या डावीकडे लावल्या आणि जेवणाच्या सुट्टीत गुपचूप उसवून नीट केल्या.

मॅडम हसतच सुटल्या. त्यांना बाह्यांचा पत्ताच नव्हता! त्यांना एवढंच विचारायचं होतं, की तुला पुढे काय व्हायचंय आणि त्यात माझी काय मदत हवी. वर म्हणाल्या, "स्वतःची चूक पकडणारीच मला माल तपासायला हवी. दोन वर्षांचं ट्रेनिंग देते."

दोन वर्षं, बाबा! मी तर या उन्हाळ्यात परत येणार होते. आईला इतक्यात सांगू नका.

ट्रेनिंगचा फॉर्म महिनाअखेरीस भरून द्यायचाय. 'काय व्हायचंय' यापुढे मी तीनदा लिहिलं नि खोडलं. आजवर हे कोणी विचारलंच नाही, तर उत्तर कुठून आणू? हसावं की रडावं, तेही कळेना.

तुम्ही तीस वर्षं कपडे शिवलेत. तुम्हाला साहेबाने असं विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंत? खरं खरं लिहा. फक्त आधी चूक कबूल करू नका.

तुमची गोंधळलेली,
ठमी