स्वस्त गोळी येऊ घातल्याबाबत

प्रति,
मा. सहायक आयुक्त (औषधे) साहेब,
अन्न व औषध प्रशासन, जळगाव.

अर्जदार : तोताराम नथ्थू भोळे, वय ७८, रा. असोदा, ता. जि. जळगाव.

विषय : पाण्यात फसफसणाऱ्या दुखण्याच्या गोळीचा स्वस्त पर्याय मिळावा, या माझ्याच अर्जाचा थोडा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ९ जानेवारी २०२५ चा अर्ज.
२) तो 'योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविल्याचे' आपले पत्र, जे मी काचेच्या चौकटीत लावले आहे.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ मध्ये असोद्यात ८४१ दुखरे गुडघे असून ही मंडळी पहाटे एकदम उठली की असा कडकडाट होतो की भादलीचा फाटकवाला मालगाडी आली समजून फाटक लावतो, असे नमूद केले होते. सदर आकडा अर्जदाराने ओट्यावर बसून तयार केला आहे. (विषम संख्या छगन भिरूड यांच्यामुळे, त्यांचा एक पाय लाकडी आहे.) खात्रीचे दुखरे गुडघे दोनच, आणि ते दोन्ही शेजारच्या कमलबाईंचे आहेत. अर्जदाराचे ठणठणीत आहेत.

२. कमलबाईंना फक्त हीच गोळी मानवते. महाग पडते म्हणून त्या अर्धी आज घेतात, अर्धी उद्यासाठी डबीत ठेवतात. पण ओलाव्याने उद्याची अर्धी डबीतच फसफसून मरते. तीन वर्षांपूर्वी त्या म्हणाल्या, "भाऊ, जयगावले चाल्ले त इचारजा, या गोयीची सस्तावाली भेटते का." त्यांची सून ज्योती रोज जळगावला कामास जाते. तरी हे काम त्यांनी मलाच का सांगितले, हे मी त्यांना विचारलेले नाही.

३. तेव्हापासून मी दर गुरुवारी जळगावला जेनेरिकच्या दुकानात विचारणा करतो. तेथे सारिका नावाची मुलगी आहे, मूळची नरडाण्याकडची. मला पाहताच ती काउंटरमागून प्लॅस्टिकचे स्टूल काढते आणि म्हणते, "बठा आबा. बठ्ठं शे, तुमनी गोयीच नही शे." (म्हणजे दुकानात सगळे आहे, माझी गोळी तेवढी नाही.) दुखणे माझेच आहे असे तिला सांगितल्यामुळे मला बस स्थानकापासून दुकानापर्यंत लंगडत जावे लागते. एकदा ती म्हणाली, "आबा, मांगला गुरुवारे उजवा पाय व्हता ना?" मी म्हणालो, दुखणे पाळीपाळीने येते. ती इतकी हसली की गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी खरजेचे औषध देणार होती, वेळीच आवरले.

४. गोळी का नाही, हे तिने मला अनेक गुरुवारी समजावले आहे. मी दर वेळी विसरतो. मूळ कंपनीचा हक्क केव्हाच संपला, कोणीही बनवू शकतो. पण साधी गोळी कोणीही यंत्रात दाबून काढतो. या फसफसणारीला हवेतला दमट वारासुद्धा चालत नाही, खास कोरडी खोली लागते. डॉक्टर लिहून देत नाहीत, लोक जाहिरातीतले नाव सांगूनच मागतात, मग बिननावाच्या गोळीसाठी एवढा खटाटोप कोण करील? म्हणजे मनाई कोणालाच नाही. येत मात्र कोणी नाही. हे मला पहिल्याच गुरुवारी समजले होते. माझ्या घराचेही तसेच आहे. मुलगा ललित सुरतेस असतो, आणि दुपारी घरात बोलतो तो पंखा.

५. परंतु गेल्या गुरुवारी सारिकाने मला पाहून टाळीच वाजवली. तिचा भाऊ हितेंद्र नरडाण्याला ज्या कारखान्यात लागला आहे, तेथे कोरडी खोली तयार झाली असून पुढील महिन्यात हीच गोळी स्वस्तात निघणार आहे. (हे माझ्या अर्जामुळे झाले, असे मी गावात सांगितले आहे. कृपया खुलासा करू नये.) पुढे ती फार मायेने म्हणाली, "आबा, आते तुमन्या चकरा बंद! तीन महिन्यान्या एकदमच बांधी दिसू." (म्हणजे तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम बांधून देणार.) मी बरं म्हणालो. परतताना लंगडायचे विसरलो. तिने पाहिले असावे, कारण हाक मारली नाही.

६. घरी येऊन प्रथम असा अर्ज लिहिला की सदर गोळी कोणत्याही परिस्थितीत काढू देऊ नये. तो लिहिताना भिंतीपलीकडून कमलबाई चुलीपाशी उठल्याचा आवाज आला. एकच बाई, पण फाटक लावावे असा. अर्ज फाडला.

७. तरी विनंती अशी की,
(अ) गोळी यावी, आणि लवकर यावी.
(ब) कमलबाईंच्या गोळ्या ज्योतीकडे द्याव्यात.
(क) अर्जदार विचारावयास आल्यास त्याला मात्र "अजून आली नाही, पुढल्या गुरुवारी या" असे सांगण्याची तोंडी सूचना सदर दुकानास द्यावी.

सारिकाला खोटे बोलण्याचा संकोच वाटल्यास ते कसे बोलावे हे अर्जदार विनामूल्य शिकवील. त्यास काही गुरुवार लागतील.

आपला नम्र, आणि उद्या डाव्या पायाने लंगडणारा,
(सही)
तोताराम नथ्थू भोळे
असोदा, बुधवार, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सहपत्रे :
१) कमलबाईंच्या डबीतील अर्धी गोळी, मयत.
२) एस.टी.ची गुरुवारची शून्य रुपयाची तिकिटे, एक जुडी. पाहून झाल्यावर परत मिळावीत.