बर्फ नको, बिब्बा घाल

४ नोव्हेंबर, मंगळवार

वहीबाई, रोज नवं पान, रोज कोरं तोंड! काल एवढं सांगितलं, त्यातलं आज तुला काय आठवतंय? काडीचं न्हाय. म्हणून परत सांगते. गोठ्यात घसरले, उजवा हात मोडला. प्लास्टर निघालं, पण खांदा आखडला. तवापासनं निरवांगीहून इंदापूरला त्या फिजिओवाल्या गोकुळकडं जाते. ‘आजी, किती दुखतं ते रोज लिहून आणा,’ म्हणाला. मला अक्षर येत न्हाय. मी बोलते, सून विमल लिहिते. त्याला मातुर दाखवत न्हाय. त्याला घातलेल्या शिव्या त्यालाच दाखवू व्हय?

आज त्यानं खांदा पिळला – ओली गोधडी पिळावी तसा! बगलेखाली अंगठा घातला आणि आतली गाठ चिरडली. डोळ्यांपुढं काजवे. मी बोंबलले, “मेल्या, तुझ्या आयचा खांदा पिळ जा!” तर हसतो. म्हणतो, “आजी, आवाजात ताकद हाय. आता हातात आणू.”

५ नोव्हेंबर, बुधवार

हात न्हाय, ओंडका हाय. कूस बदलली की आत कुणीतरी पहार घालतंय. दंडावर गोकुळची बोटं उमटलीत.

माझा ल्योक अविराज चहा घेत होता. “आये, कसं हाय?” म्हटलं, “मारून टाकलं त्या गोकुळनं!” मी आपली चेष्टेत. त्यानं कपबशी आपटली. गरम चहा विमलच्या पायावर. तिनं पदरानं पाय पुसला. ती बोलतच न्हाय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काठी दोन्ही हातांत धरून डोक्यावर न्यायची. अर्ध्यात अडकली. गोकुळनं मागनं रेटली – कडाक्! वाटलं, खांदा उपटून त्याच्या हातात गेला. दातांत पदर धरला होता, त्याला भोक पडलं.

पण काठी कपाळाच्या वर गेली!

निघताना म्हणाला, “आज जास्त ठणकंल. बर्फ लावा. तेल, चोळणं, शेक – कायपण नको.”

बर्फ!

८ नोव्हेंबर, शनिवार

शेजारची ठमाबाई आली. “डॉक्टर काय म्हणतोय?”

“बर्फ लावा म्हणतोय.”

“अगं बया! मयत हायेस का काय बर्फावर ठेवायला?”

हसले, तर हसतानाही खांद्यात सुरी फिरली. म्हटलं, “बर्फ नको, बिब्बा घाल.” तिनं दाभणाला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला. तेल सुटलं. खांदाभर ठिपके दिले – एकेक ठिपका इंगळीवानी डसला. आमची जुनी रीत. आमच्या सासवांची हाडं काय बर्फानं बरी झाली व्हय?

९ नोव्हेंबर, रविवार

बिब्बा उतला. ह्या एवढाले फोड! विमल, पदर वर घे माझ्या खांद्यावर, अविराज आला.

१० नोव्हेंबर, सोमवार

चोळी बदलताना अविराजनं फोड बघितलेच.

“शेकायच्या मशीननं भाजली तुला त्या गोकुळनं!”

“न्हाय रे बाबा, बिब्बा उतलाय. ठमाबाईला विचार.”

“तू त्याची बाजू घेऊ नको!”

परत सांगितलं. ओरडून सांगितलं. फटफटीच्या मागं फाटकापर्यंत धावले. कुठं ऐकतोय!

दुपारी आला. हाताची सालं निघालेली. जेवायला बसला, आणि जेवता जेवता सांगत होता – गोकुळच्या दवाखान्यातला आरसा फोडला. मी व्यायामाला धरते तीच काठी घेतली. गोकुळचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि अंगठ्यावर काठी घातली. अंगठा मोडंपर्यंत. “आये, आता तो कुणाला चोळायचा न्हाय.”

मग म्हणाला, “विमल, भाजी वाढ.”

तिनं वाढली. मग त्याचा शर्ट भिजत घातला. बादली लाल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गोकुळनं तक्रार दिली. पोलिसांनी मला उद्या बोलावलंय. धाकटे दीर आप्पासाहेब आले, खुर्ची ओढून बसले. “वहिनी, मशीननं भाजलं, एवढंच म्हणा. पोरगं सुटतंय. फोड तर हायेतच, कोण विचारतंय कशाचे ते? आणि त्याचं काय, अंगठाच तर हाय.”

अंगठाच! त्या अंगठ्यानं पोरगं पोट भरतंय. माझी काठी कपाळावर गेली ती त्या अंगठ्यानं.

पण अविराज माझ्या पोटचा. नऊ महिने मीच वाढवलाय त्याला.

ते गेल्यावर विमलला म्हटलं, “तू सांग, काय बोलू?” तिनं पोलक्याची बाही वर सरकवली. दंडावर चार बोटं, काळीनिळी.

गोकुळची बोटं मला ओळखू येतात. ही त्याची न्हवती.

लिही विमल. हे पण लिही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ठाण्यात खरं तेच सांगितलं. बिब्बा माझा, मार अविराजचा. विमलच्या दंडाचंही सांगितलं. अविराजला आत घातलाय. आप्पासाहेब म्हणाले, “आई हायेस का वैरीण!”

विमल, रडायचं तर रड, पण पान भिजवू नको. उद्या दोन डबे भर. अविराजला बाजरीची भाकर आन् वांगं दे, त्याला आवडतंय. गोकुळला भाकर पाठवू नको – एका हातानं मोडत न्हाय. मुगाची मऊ खिचडी दे, वर तूप घाल. आणि चमचा विसरू नको.