बाईसाहेबांची गोफण

५ नोव्हें. ७४, मंगळवार
जूनमधी गर्भपिशवीचं आपरेशन झालं तवापास्नं गोल्फच्या काठ्यांची थैली कपाटावर. आज बाईसाहेबांनी स्टुलावर चढून सोता काढली. मी वरडले. म्हणल्या, "डॉक्टर हो म्हणाले. आता तुझीही परवानगी काढू का, तानूबाई?"
सांजच्याला मिलच्या माळावर खेळाय गेल्या. नऊ भोकं असत्यात म्हणं. तिसऱ्यालाच खाली बसल्या. टांग्यानं घरी.
जेवताना साहेब म्हणले, "जानेवारीच्या मॅचला नऊच्या नऊ पायी झाली तर खेळ. नाहीतर त्या काठ्या नव्या इंजिनियरच्या बायकोला देऊन टाकू." बाईसाहेबांनी डाव पातेल्यात आपटला.

७ नोव्हें.
"तानूबाई, तुझे दंड असे कशानं झाले गं?" जात्यानं, म्हणले. "मग मला बसव."
मिलच्या मॅनेजराच्या बंगल्यात जातं कुटलं? शुक्रवार पेठेतनं माझंच टांग्यात घालून आणलं. दोन शेर जोंधळं. हाताला फोड आले. सोडलं न्हाई. पीठ भरड. साहेबांनी तीच भाकरी मुकाट खाल्ली.

२४ नोव्हें., रविवार
माळावर मी बी गेले. वाळू उडू नये म्हणून तेल घातल्यालं, त्यात भोक. एवढ्याशा चेंडवासाठी एवढी तंगडतोड! आदी हसू आलं. मग बाईसाहेबांनी टोला मारला आन हसू गेलं. ताकद लई. पर चेंडू डाव्या अंगाला बाभळीत. दुसरा बी. तिसरा बी.
हुसेनचाचा त्यांची थैली वागवतो, म्हातारा माणूस. म्हणला, "तुमे इनके हातांच पक्के करे बाई. कमर लकडी हो गई. बैठको क्या होता? पावां से मारनेका."
"तुमी थैली उचला चाचा, मला नगा शिकवू," म्हणले.
घरी येऊन जात्यापाशी बसून बघितलं. एक पाय लांब, हात फिरतोय, कंबर ठोकल्यावानी जागच्या जागी. म्हातारा खरा हाय. बाईला ताकद म्हणली की जातं, एवढंच माझ्या डोक्यात.

२६ नोव्हें.
चाचानं नुसती काठी फिरवून दावली. आदी पाय, मग कंबर, हात शेवटाला. आगं, ही तर गोफण! सांगोल्याला बापाच्या रानात माळ्यावर हुबी राहून पाखरं हाकली मी, लगीन होईस्तवर. हातानं घाई केली की दगूड भलतीकडं, न्हाईतर आपल्याच टाळक्यात.
अंबाडीची गोफण वळाय घेतली.

२९ नोव्हें.
परसात पयला दगूड बाईसाहेबांचा. धाडकन शेजारच्या अकौंटंटाच्या पत्र्यावर. तो बनियनवर भायेर. "माकडं आली का हो?"
"आली की. दोन," बाईसाहेब म्हणल्या. हसून हसून भितीला टेकल्या. आपरेशनानंतर अशा हसलेल्या पयल्यांदाच बघितल्या.
आता पाठ भिताडाकडं, तोंड पडक्या रानाकडं. रोज तीस उजव्या हातानं, तीस डाव्या. सकाळी तळ्यापतूर चालत जाऊन यायचं. अंगण वाकून झाडायचं, खराटा मी लांब दांड्याचा देत न्हाई. एकदा बी कुरकूर न्हाई. माझी सून असती तर म्हायेरी गेली असती.

१९ डिसें.
पोटात कळ. आडव्या पडल्या. साहेब माझ्यावर, "हे सगळं तुझ्यामुळं." मी बी बोलले, नोकरी नको तर नको. आतनं बाईसाहेबांचा आवाज, "तिला काही बोलू नका. मी उड्या मारल्या."
डॉक्टर म्हणला स्नायू आखडलाय, टाके बरे हायत. धा दिस इस्वाटा.
मला झोप न्हाई. गोफण चुलीत घालणार होते. घातली न्हाई.

३० डिसें.
मी भांडी घासत होते. बाईसाहेब आल्या, खुंटीवरची गोफण काढली, गेल्या. मला इचारलं सुदिक न्हाई. मागनं बघितलं. पाय रवले, कंबर अशी वळली, दगूड गेला तो बांधापल्याड. जल्माची धनगरीण जणू. माझ्या बापाला दाखवायला पायजे हुती ही बाई.

१४ जाने. ७५, संक्रांत
परसात सकाळी गोट्यांचा ढीग. सगळे गोल, एका मापाचे. मी आणले न्हाईत. चाचा म्हणतो, "मैं बी नै." साहेबांच्या बुटाला वढ्याकाठचा चिखूल हाय. बाईसाहेबांनी साहेबांना तिळगूळ दोन येळा दिला.

१९ जाने., रविवार
आज मॅच. आठ भोकं झाली. आठ! माळावर बसून लिवते, डायरी पिशवीत घालून आणली हुती. फुडची जोडी बाभळीत चेंडू हुडकतीया, म्हणून थांबलोय. बाकीच्या बायका सतरंजीवर. बाईसाहेब हुब्या. तोंड पांढरं, एक हात पोटावर. बसा जरा, म्हणले. "बसले तर उठायची नाही, तानू." नुसतं तानू. आजवर कदी म्हणल्या न्हाईत.
बाभळीआड टांगा हाय. साहेबांनी ठेवलाय. त्यांचा जीव हाय, मला कळतं. बाईसाहेबांनी बी बघितला. म्हणल्या, "त्याला घालव."
डिसेंबरातली कळ डोळ्याफुडं. तरी गेले. टांगेवाल्याला सांगितलं, जा बाबा, बाई चालत येणार. साहेब लांबनं माझ्याकडं बघतायत. बघू देत.
चेंडू गावला वाटतं. चाचा काठी पुसून देतोय. नववं. बाईसाहेबांनी पोटावरचा हात काढला. पाय रवले. कंबर वळली—