टायरचं माप

४ मे, सोमवार
आज सकाळी प्रार्थना आटोपून गाडीपाशी गेलो. चारही टायरांवरून हात फिरवला. माझ्या टकलाइतके गुळगुळीत. नवे घ्यायचं ठरवलं. आईला मावशीकडे न्यायचं आहे. मावशीची नजर दिवसेंदिवस कमी होतेय. आई म्हणाली, तिला मी दिसतेय तोवर ने रे बाबा. म्हटलं, याच रविवारी.

६ मे
टायरवाल्याकडे गेलो. म्हणाला, कंपनीचंच माप घाला, एकशे पासष्ट, अर्ध्या तासात बसवतो. त्याला काय माहीत, घरचे सगळे बसले की गाडीचं पोट स्पीडब्रेकरला घासतं. टायर मोठे घेतले तर गाडी उंच होईल. एवढी साधी गोष्ट कंपनीला सुचू नये, याचं नवल वाटतं. विचार करून सांगतो म्हटलं.

१० मे, रविवार
माप ठरलं नाही. घाईचा निर्णय मला मानवत नाही. आई सकाळपासून पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दुपारी पिशवी आत ठेवली. पटलं असावं.

१७ मे, रविवार
व्हिडिओ पाहतोय. एक गृहस्थ मोठ्या टायरच्या बाजूने, दुसरे विरुद्ध. दोघंही फार चांगलं बोलतात. ही म्हणाली, मला होकार द्यायला तुम्हाला एक कप चहा पुरला होता. म्हटलं, म्हणूनच आता सावध असतो.
रात्री स्वतःच वाढून घेतलं.

२३ मे
डोळे मिटून देवाला विचारलं. मनात एकशे पंच्याऐंशी आलं. देव अशा आकड्यांत पडत नसेल, पण त्याने विरोधही केला नाही. बसवून घेतले. टायरवाला म्हणाला, घासले तर माझ्याकडे येऊ नका. एकट्याने चक्कर मारली. गाडी काय ऐटीत चालते.

२४ मे, रविवार
आई मागे, ही शेजारी, शिवाय डबे, पिशव्या. पहिल्याच वळणावर चाक वरच्या पत्र्याला घासलं. करवतीसारखा आवाज. ही म्हणाली, आम्ही उतरतो, मग चालेल. दोघी उतरल्या, आणि खरंच चालली. म्हणजे दोष टायरचा नाही, वजनाचा आहे. घरी परतलो. आईने विचारलं, पुढच्या रविवारी? म्हटलं, नक्की.

३१ मे, रविवार
टायर तेच ठेवून स्प्रिंग उंच घ्याव्यात का? अभ्यास सुरू आहे. आईने आज पिशवी भरली नाही.

३ जून
मावसभावाचा फोन आला. मावशीला आता अजिबात दिसत नाही. आईला सांगितलं. तिने रिकामी पिशवी घडी घालून कपाटात ठेवली. मग म्हणाली, आता सावकाश बसव रे टायर. घाई नाही.

४ जून
दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. एकशे पासष्ट बसवून घेतले. अर्धा तासही लागला नाही.